पालमचे लिबरेटर आणि त्याची भावंडे : संग्रहालयीन विमानांच्या रंगलेपाचा विचार

लष्करी विमानांचे संग्रहालय हे इतिहासाच्या अभ्यासकाला काहीसे गाफील करणारे स्थळ आहे. ताम्रपट, नाणे किंवा जुने दप्तर हाती आले म्हणजे त्याचे वाचन कसे करावे, कोणत्या भागावर विश्वास ठेवावा आणि कोठे संशय घ्यावा, याची शिस्त त्याच्या अंगवळणी पडलेली असते. परंतु चार इंजिनांचे व तेहतीस मीटरांहून अधिक पंखविस्ताराचे बाँबफेके विमान समोर उभे राहिले म्हणजे ही शिस्त सहज विसरली जाते, आणि विमानाच्या अंगावर रंगविलेले क्रमांक, चिन्हे व चित्रे हेच त्या विमानाचे चरित्र आहे असे गृहीत धरले जाते. हे गृहीत कितपत टिकते, याची परीक्षा करण्यास अमेरिकन बनावटीच्या लिबरेटर विमानाइतके उपयुक्त उदाहरण क्वचितच सापडेल. त्याचा संबंध भारताशी, आणि त्यातही कानपूर, बंगलोर व पुणे या तीन ठिकाणांशी, निकटचा असल्यामुळे येथील अभ्यासकाने त्याकडे लक्ष देणे अगत्याचेही आहे.

दिल्लीतील पालम येथे १९६७ साली भारतीय हवाई दलाचे संग्रहालय स्थापन झाले. या संग्रहात वापिटी जातीचे विमान आहे. १ एप्रिल १९३३ रोजी कराचीच्या ड्रिग रोड तळावर भारतीय हवाई दलाची पहिली स्क्वाड्रन उभी राहिली तेव्हा तिच्यापाशी अशी अवघी चार विमाने होती, आणि पालमचे वापिटी हे आज त्या जातीचे जगात उरलेले एकमेव विमान मानले जाते. लायसँडर, हरिकेन, स्पिटफायर, टेंपेस्ट अशी पुढील काळाची विमाने तेथे आहेत. जपानचे ‘ओका’ हे आत्मघाती विमानही आहे. त्याला उतरण्यासाठी चाके नाहीत, कारण ते परत उतरावे अशी त्याच्या निर्मात्यांची अपेक्षाच नव्हती; एखाद्या वस्तूची रचना तिच्यामागील धोरण किती उघडपणे सांगते, हे पाहण्यास एवढा एक नमुना पुरेसा आहे. या सर्वांत एचई ९२४ या क्रमांकाचे लिबरेटर आहे. त्याच्या अंगावर भारतीय हवाई दलाचे केशरी, पांढरे व हिरवे वर्तुळचिन्ह आहे. येथवर आश्चर्य वाटण्याजोगे काही नाही. या विमानाची जगातील इतर भावंडे कोणत्या वेशात उभी आहेत हे पाहिल्यावर मात्र पालमच्या साध्या रंगाचे मोल ध्यानी येते.

लिबरेटरचे पहिले उड्डाण २९ डिसेंबर १९३९ रोजी झाले. पुढील साडेपाच वर्षांत अमेरिकेतील पाच कारखान्यांतून अठरा हजारांहून अधिक लिबरेटर बाहेर पडली; महायुद्धाच्या काळात अमेरिकेने बांधलेल्या कोणत्याही लष्करी विमानाची संख्या इतकी मोठी नव्हती. युद्ध संपताच या प्रचंड संख्येचे भंगारात रूपांतर होण्यास फारसा काळ लागला नाही. अ‍ॅरिझोनातील किंगमन, आर्कान्सामधील वॉलनट रिज अशा ठिकाणी शेकडो विमाने ओळीने उभी करून तोडण्यात आली व त्यांचे अ‍ॅल्युमिनियम वितळविण्यात आले. आज संपूर्ण अवस्थेत उरलेली लिबरेटर सुमारे डझनभर भरतील. त्यांपैकी सहा, म्हणजे जवळजवळ निम्मी, भारतीय हवाई दलाच्या सेवेतून गेलेली आहेत. ज्या देशाने हे विमान बांधले नाही व ज्याच्या हवाई दलाने महायुद्धात ते वापरलेही नाही, त्या देशामुळे त्याचा एवढा अंश शिल्लक राहिला. याचे कारण कानपूरला घडलेल्या एका प्रसंगात आहे.

महायुद्धकाळात ब्रिटनला ही विमाने ‘लेंड-लीज’ या अमेरिकन कायद्याखाली मिळाली होती. ती देणगी नव्हती. युद्ध संपल्यावर ती परत करावीत, विकत घ्यावीत किंवा निकामी करावीत, असे पर्याय ब्रिटनपुढे होते. आग्नेय आशियातील मोहिमेत वापरलेली कित्येक ब्रिटिश लिबरेटर कानपूरजवळच्या चकेरी तळावर आणून उभी करण्यात आली, आणि ती पुन्हा आकाशात जाऊ नयेत अशा रीतीने त्यांची हेतुपुरस्सर मोडतोड करण्यात आली. कराराची अट त्यामुळे पाळली गेली. ब्रिटिश हवाई दल निघून गेले आणि विमाने पावसापाण्यात तशीच राहिली.

स्वातंत्र्यानंतर लागलीच काश्मीरचे युद्ध उद्भवले. भारतीय हवाई दलापाशी तेव्हा एकही जड बाँबफेके विमान नव्हते, आणि नवे घेण्यास परकीय चलनही नव्हते. अशा स्थितीत चकेरीच्या भंगाराकडे नव्या नजरेने पाहिले गेले. बंगलोरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीने ही विमाने दुरुस्त करण्याची जबाबदारी १९४८ साली पत्करली. या कंपनीची स्थापना वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने १९४० च्या अखेरीस झाली होती. युद्धकाळात तिच्या कार्यशाळांत अमेरिकन हवाई दलाच्या विमानांची दुरुस्ती मोठ्या प्रमाणावर चाले, आणि तेथील कारागिरांच्या हातांना अमेरिकन यंत्रांची ओळख तेव्हाच झालेली होती. कानपूरची कामगिरी म्हणजे अचानक घडलेला चमत्कार होता असे जे वर्णन कधी कधी केले जाते, ते या कारणाने अपुरे वाटते. त्या हातांना चार-पाच वर्षांचा सराव होता.

कामाची रीत अशी होती. चकेरीला प्रत्येक विमान केवळ एका उड्डाणापुरते सिद्ध करावयाचे, एकाचा सुटा भाग दुसऱ्यास जोडून भागवावयाचे, आणि मग ते सुमारे दीड हजार किलोमीटर दूर बंगलोरला नेऊन तेथे त्याची पूर्ण दुरुस्ती करावयाची. हे एकेक उड्डाण कंपनीचे प्रमुख चाचणी-वैमानिक जमशेद कैकोबाद मुन्शी यांनी केले. अशा रीतीने चाळीसहून अधिक विमाने त्यांनी बंगलोरला सुखरूप पोहोचविली. या उड्डाणांतील धोका कोणता होता, हे वेगळे सांगण्याची गरज नाही. जी विमाने पुन्हा उडू नयेत म्हणून जाणत्या माणसांनी मोडली होती, तीच ते उडवीत होते. २ नोव्हेंबर १९४८ रोजी भारतीय हवाई दलाची पाचवी स्क्वाड्रन या विमानांनिशी उभी राहिली. त्या वेळी हवाई दलाचे चिन्ह अशोकचक्राचे होते. १९५० साली त्याची जागा केशरी-पांढऱ्या-हिरव्या वर्तुळाने घेतली, आणि जुन्या ब्रिटिश चिन्हांवर चढलेल्या चक्रावर आणखी एक थर चढला.

१९५१ साली सहावी स्क्वाड्रन पुण्याला लिबरेटर विमानांवर पुन्हा उभारण्यात आली. १९५७ पासून पाचव्या स्क्वाड्रनकडे कॅनबेरा ही जेट विमाने आली. सहाव्या स्क्वाड्रनने मात्र लोहगावच्या तळावरून समुद्रावरील टेहळणीसाठी लिबरेटर चालू ठेवली. इतर देशांनी ती केव्हाच मोडीत काढली होती. निर्मात्या कारखान्यांनी १९४५ नंतर त्यांचा एक खिळाही बनविलेला नव्हता, आणि तरीही पुण्याच्या यंत्रशाळांनी ती १९६८ च्या अखेरीपर्यंत उडती ठेवली. लिबरेटरला लष्करी सेवेतून निरोप देणारे जगातील शेवटचे हवाई दल भारताचे होते. पुण्यातील ज्या पिढीने या विमानांचा घरघराट डोक्यावरून जाताना ऐकला, तिला आपण एका लुप्त होत चाललेल्या जातीचा आवाज ऐकत आहोत याची कल्पना असण्याचे कारण नव्हते.

याच सुमारास पाश्चात्त्य संग्रहालयांना आपल्यापाशी लिबरेटर नसल्याची जाणीव झाली. १९६८ साली एचई ७७३ हे विमान कॅनडाच्या हवाई दलाच्या वैमानिकांनी पुण्याहून उडवीत आपल्या देशी नेले; ते आता ओटावाच्या विमान-संग्रहालयात आहे. १९६९ साली एचई ८७७ पुण्याहून अ‍ॅरिझोनातील टूसॉनला गेले व तेथील पिमा संग्रहालयात उभे राहिले. १९७४ साली एचई ८०७ हे भारतीय हवाई दलाने लंडनच्या रॉयल एअर फोर्स संग्रहालयास भेट दिले व ते इंग्लंडपर्यंत उडत गेले. आणखी दोन विमाने अनुक्रमे १९७३ व १९८१ साली खाजगी संग्राहकांनी नेली. इंग्लंडहून अमेरिकेपर्यंत या सर्वांचे स्वागत उत्साहाने झाले, आणि स्वागतानंतर त्यांना रंग देण्यात आला.

लंडनच्या विमानावर आज एचई ८०७ हा क्रमांक नाही. केएन ७५१ आहे. हा क्रमांक खोटा नाही. १९४५ साली ब्रिटिश हवाई दलाच्या ९९ व्या स्क्वाड्रनमध्ये हे विमान होते व ती स्क्वाड्रन हिंदी महासागरातील कोकोस बेटांवरून कामगिरी करीत असे. त्याचे वर्तुळचिन्हही त्या रणक्षेत्राच्या पद्धतीचे, तांबड्या रंगाशिवाय आहे. जपानी विमानांवरील तांबड्या सूर्यबिंबाशी घोटाळा होऊ नये म्हणून आग्नेय आशियात मित्रराष्ट्रांनी तांबडा रंग वगळला होता. तपशिलाच्या दृष्टीने हा रंगलेप काळजीपूर्वक केलेला आहे. परंतु त्याने दाखविलेला काळ काही महिन्यांचा आहे, आणि झाकलेला काळ दोन दशकांचा. शिवाय त्या झाकलेल्या काळामुळेच हे विमान लंडनला पोहोचू शकले.

ओटावाचे विमान कॅनडाच्या हवाई दलाच्या वेशात आहे आणि टूसॉनचे इंग्लंडमधील तळांवरून लढणाऱ्या अमेरिकन दलाच्या वेशात. १९८१ साली भारतातून गेलेल्या विमानाची कथा सर्वांत उद्‌बोधक आहे. त्याचा अमेरिकन क्रमांक ४४-४४०५२. ते १९४४ साली फोर्ट वर्थच्या कारखान्यात बांधले गेले, त्याच वर्षी ब्रिटिश हवाई दलाकडे गेले, युद्धानंतर भारतात टाकून दिले गेले, आणि भारतीय हवाई दलात १९६८ पर्यंत राहिले. प्रथम ते एका ब्रिटिश संग्राहकाकडे गेले. १९८४ साली अमेरिकेतील कॉलिंग्ज प्रतिष्ठानाने ते घेतले व दीर्घ दुरुस्तीनंतर १९८९ साली ते पुन्हा उडू लागले. तेव्हा त्याच्या अग्रभागी ‘ऑल अमेरिकन’ हे नाव रंगविण्यात आले. १९९८ साली ते पुसून ‘द ड्रॅगन अँड हिज टेल’ हे प्रख्यात चित्र काढण्यात आले. २००५ साली तेही जाऊन ‘विचक्राफ्ट’ हे नाव आले. ही तिन्ही नावे तीन निरनिराळ्या अमेरिकन विमानांची होती. या विमानाने अमेरिकेच्या हवाई दलासाठी युद्धात एकही उड्डाण केलेले नाही. त्याच्या अंगावर ज्यांची स्मृती जपली गेली, त्यांच्याशी त्याचा संबंध जातभाईपणाचाच होता.

या चित्रांविषयी येथे थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे, कारण लष्करी विमान-संग्रहालयांतील सर्वांत जिवंत कलावस्तू हीच आहेत. सैनिकांच्या बोलीत त्यांना ‘नोज आर्ट’ म्हणत. विमानाच्या अग्रभागी स्त्रियांच्या आकृती, प्राणी, व्यंगचित्रे, गावांची व प्रेयसींची नावे रंगविण्याची ही प्रथा अमेरिकन तुकड्यांत विशेष फोफावली. ती काढणारे बहुधा त्याच तुकडीतील यांत्रिक किंवा शिपाई असत. ‘द ड्रॅगन अँड हिज टेल’ हे मूळ चित्र सार्किस बार्टिजियन या सार्जंटने प्रशांत महासागरातील तळावर रंगविले. विमानाच्या नाकापासून शेपटीकडे पसरलेल्या त्या ड्रॅगनची भव्यता छायाचित्रांतही जाणवते. मूळ विमान युद्धानंतर भंगारात गेले. या कलेला संग्रह नव्हता, खरेदीदार नव्हता व टिकण्याची आशाही नव्हती. चित्रकार आणि चित्राचा फलक दोघेही एकाच उड्डाणात नष्ट होण्याची शक्यता नित्याची होती. विमानावर नाव घालून त्याला ओळख देण्याची गरज त्यातून उत्पन्न झाली असावी. या चित्रांतील स्त्रीदेहाचे सवंग प्रदर्शन आज खटकते आणि ते खटकणे योग्यच आहे. परंतु वीस-बावीस वर्षांच्या तरुणांच्या भीतीचा पुरावा म्हणून त्यांचे मोल त्यामुळे कमी होत नाही.

वॉलनट रिज येथे विमाने तोडली जात असता तेथील व्यवस्थापक मायनट प्रॅट यांनी काही चित्रे कुऱ्हाडीने कापून बाजूला काढविली. असे तेहतीस फलक पुढे टेक्सासमधील विमानसंग्राहकांच्या संस्थेकडे आले व मिडलंडच्या संग्रहालयात ते दीर्घकाळ प्रदर्शित होते. फलकांच्या कडा वेड्यावाकड्या आहेत, कुऱ्हाडीचे घाव दिसतात, रंग फिका पडला आहे. तरीही १९४४-४५ साली कोणा अनाम हाताने फिरविलेला कुंचला तेथे प्रत्यक्ष आहे. तेथे विमान नाहीसे झाले व चित्र उरले. ४४-४४०५२ मध्ये विमान उरले आणि त्यावरून परकी चित्रे येऊन गेली. डेटन येथील अमेरिकन हवाई दलाच्या संग्रहालयातील ‘स्ट्रॉबेरी बिच’ या लिबरेटरमध्ये नाव व विमान एकमेकांचीच आहेत, आणि वाळवंटी युद्धासाठी दिलेल्या गुलाबी छटेच्या रंगाशी त्या नावाचा मेळ आहे. असा योग दुर्मिळ होय.

महाराष्ट्राच्या अभ्यासकाला या ठिकाणी जोगळटेंभीच्या निधीची आठवण होणे स्वाभाविक आहे. नाशिक जिल्ह्यात १९०६ साली सापडलेल्या त्या निधीत नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी होती, व त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपले ठसे उमटविले होते. क्षहरातांचा पराभव सिद्ध करण्यास त्या नाण्यांचा एवढा उपयोग झाला, याचे कारण सातवाहनांचा ठसा नहपानाचा मुखवटा पुरता पुसू शकला नाही. दोन्ही सत्ता एकाच धातूवर वाचता आल्या. विमानाचा रंगलेप याहून अधिक कडक असतो. जुना रंग खरवडून, पत्रा घासून, मग नवा थर देण्याची रीत असल्यामुळे खालच्या राजवटीचा मागमूस पृष्ठभागावर उरत नाही. तो शोधावा लागतो कारखान्याच्या धातुपट्टीवर, बदललेल्या भागांच्या क्रमांकांत, दुरुस्तीच्या रिव्हेटांत आणि सेवानोंदींत. कानपूरला एका विमानाचे भाग दुसऱ्याला लावले गेल्यामुळे भारतीय लिबरेटरच्या बाबतीत हे वाचन अधिक बिकट होते. ज्याला ‘हे विमान’ म्हणावयाचे, ते कधी कधी दोन-तीन विमानांचे मिश्रण असण्याचा संभव आहे.

संग्रहालये हे लबाडीने करतात, असे म्हणणे अन्यायाचे होईल. संग्रहालयाच्या खर्चाला हातभार लावणारे बहुधा त्या देशाचे जुने सैनिक व त्यांचे कुटुंबीय असतात. त्यांना आपल्या तुकडीची खूण पाहावयाची असते. ज्या जातीची विमाने शेकड्यांनी नष्ट झाली, तिचा एकच नमुना हाती असेल, तर त्याने सर्वांच्या वतीने उभे राहावे, हा युक्तिवाद निकालात काढण्याजोगा नाही. आणि पालमही त्याला अपवाद नाही. तेथील लायसँडर हे १९४२ साली पहिल्या स्क्वाड्रनने ब्रह्मदेशात जी विमाने वापरली त्यांपैकी नव्हे. ते कॅनडाहून आले, आणि त्याच्या बदल्यात जे विमान कॅनडाला गेले तेच ओटावाचे लिबरेटर. दोन्ही देशांनी एकमेकांकडून एकेक विमान घेतले व आपापल्या आठवणीच्या जागी उभे केले. या देवघेवीत कोणी कोणाला फसविले नाही. मात्र दोन्ही वस्तूंचे पूर्वायुष्य प्रेक्षकाच्या नजरेआड गेले.

वेगळा मार्ग असू शकतो हे लंडनच्या त्याच संग्रहालयातील हॅलिफॅक्स विमानाने दाखविले आहे. २७ एप्रिल १९४२ रोजी ‘टिर्पिट्झ’ या जर्मन युद्धनौकेवरील हल्ल्याच्या वेळी ते नॉर्वेतील गोठलेल्या होक्लिंगेन सरोवरावर उतरले आणि बर्फातून खाली गेले. १९७३ साली ते वर काढण्यात आले. त्याची पूर्ण दुरुस्ती करून त्याला चकचकीत करण्याऐवजी ते बहुतांशी सापडले त्या स्थितीत, गंजलेल्या व चिरफाळलेल्या पत्र्यांसह ठेवण्यात आले आहे. प्रेक्षकाला तेथे तुकडीची खूण शोधण्याची घाई होत नाही. तो प्रथम विमानाला काय झाले ते पाहतो. लिबरेटरच्या बाबतीत अशी संधी १९६८ साली होती. पुण्याहून निघालेल्या विमानांच्या अंगावर तेव्हा भारतीय सेवेचे थर प्रत्यक्ष होते, आणि कोणा एखाद्या संग्रहालयाने ते तसेच राखले असते तर कानपूरच्या कारागिरांचे काम पाश्चात्त्य प्रेक्षकासमोर आपोआप राहिले असते. आज ते माहितीफलकावरील एका ओळीत राहते, आणि ती ओळ किती जण वाचतात हा प्रश्नच आहे.

सहाव्या स्क्वाड्रनच्या आणखी एका विमानाची नोंद येथे करणे उचित ठरेल. साठीच्या आरंभी एअर इंडियाने जेट विमाने घेतल्यावर तिची सुपर कॉन्स्टेलेशन विमाने हवाई दलाकडे आली, व पुण्यात ती लिबरेटरच्या जोडीने समुद्रावर टेहळणी करू लागली. १९७६ साली ती नौदलाकडे गेली. त्यांपैकी एक गोव्यात दाबोळी विमानतळालगतच्या नौदल विमान-संग्रहालयात आहे. हे संग्रहालय १९९८ साली उघडले. विमानावर नौदलाचा वेश आहे. मुंबईहून लंडनला प्रवासी नेत असता त्याचे नाव ‘रानी ऑफ एलोरा’ असे होते. एअर इंडियाची चाकरी, हवाई दलाची चाकरी व नौदलाची चाकरी अशा तीन अवस्थांपैकी पत्र्यावर केवळ शेवटची दिसते. पण मुंबईच्या प्रवाशांसाठी कापलेल्या खिडक्यांची लांब ओळ त्याच्या कुशीला अजून आहे, आणि तिच्यावर कोणताही रंग चढविला तरी ती झाकता येत नाही.